पालकानेच नासवलेली भूमी

४ जुलै २०२५ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्या राष्ट्राच्या अध्यक्षांनी ज्या अवाढव्य अर्थविधेयकावर स्वाक्षरी केली, त्याच्या पोटात एका मृत कायद्याचे पुनरुज्जीवन होते. अणुबाँबच्या चाचण्या आणि युरेनियमच्या खाणी यांच्यामुळे ज्यांची शरीरे जर्जर झाली त्यांना भरपाई देणारा १९९० चा कायदा जून २०२४ मध्ये मुदत संपून निकालात निघाला होता. या विधेयकाने तो पुन्हा जिवंत केला, त्याची व्याप्ती वाढविली आणि पात्र ठरणाऱ्या पीडिताला एक लक्ष डॉलर देण्याची तरतूद केली. नैऋत्य अमेरिकेतील नव्हाहो आदिवासींच्या म्हाताऱ्या खाणकामगारांना आणि त्यांच्या विधवांना यातून दोन घास सुखाचे मिळणार असतील तर त्याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु या कायद्याने भरपाई दिली ती माणसांच्या देहांना. ज्या भूमीवर ते देह राबले, ज्या भूमीचे पाणी ते प्याले आणि जिच्यावर आज त्यांची नातवंडे मेंढ्या चारीत आहेत, त्या भूमीच्या जखमेला या कायद्यात स्थान नाही.

नव्हाहोंच्या प्रदेशात युरेनियमच्या ५२३ परित्यक्त खाणी आहेत. त्यांतील सुमारे २३० खाणींच्या स्वच्छतेसाठी आजवर न्यायालयीन तडजोडींतून आणि करारांतून मिळून १७० कोटी डॉलरांहून अधिक रकमेची सोय झाली आहे. उरलेल्या जवळजवळ तीनशे खाणींचा वाली कोण, या प्रश्नाला अमेरिकन सरकारने अजून सरळ उत्तर दिलेले नाही. वॉशिंग्टनमध्ये जेव्हा जेव्हा हा विषय निघतो तेव्हा तेव्हा ‘अनुदान’, ‘साहाय्य’, ‘कार्यक्रम’ असे शब्द वापरले जातात. आमचे स्पष्ट मत आहे की हे शब्दच खोटे आहेत. अनुदान देणारा आपल्या मर्जीने देतो आणि मर्जी फिरली की हात आखडता घेतो. नव्हाहोंना जे मिळावयाचे आहे ते थकलेले देणे आहे, आणि ऋणको दुसरा तिसरा कोणी नसून खुद्द अमेरिकेचे सरकार आहे. हे आम्ही आवेशाने म्हणत नाही. व्यवहाराचा सारा इतिहासच तसे सांगतो.

पिवळ्या मातीचा व्यवहार

ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या तीन राज्यांत पसरलेला नव्हाहोंचा प्रदेश सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरांचा आहे. आमच्या कोकण विभागाच्या दुपटीहून मोठा. १८६४ साली अमेरिकन लष्कराने या लोकांना शेकडो मैल पायी हाकीत नेऊन बॉस्के रेदोंदोच्या छावणीत डांबले. चार वर्षांच्या हालांनंतर, १ जून १८६८ रोजी झालेल्या तहाने त्यांना आपल्या मायभूमीत परतता आले. त्या तहापासून ही भूमी नव्हाहोंची खरी, पण तिची कायदेशीर मालकी अमेरिकन सरकारच्या हाती विश्वस्त म्हणून राहिली. आदिवासी जमाती आणि अमेरिकन सरकार यांचे नाते पाल्य आणि पालक यांच्यासारखे आहे, असे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८३१ सालीच एका चेरोकी खटल्यात म्हणून ठेवले होते. पुढील सारी कहाणी या एका वाक्याच्या उजेडात वाचली पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात नव्हाहो तरुणांनी आपली मातृभाषा अमेरिकन सैन्याला सांकेतिक भाषा म्हणून दिली आणि जपान्यांना ती अखेरपर्यंत उलगडली नाही. या पराक्रमाचे गोडवे अमेरिका आज मोठ्या अभिमानाने गाते. त्याच काळात त्यांच्या डोंगरांतून दुसरी एक वस्तू निघू लागली होती, तिचे गोडवे मात्र कोणी गात नाही. १९४४ ते १९८६ या काळात नव्हाहो भूमीतून सुमारे ३ कोटी टन युरेनियमची खनिजमाती काढण्यात आली. नव्हाहो लोक युरेनियमला ‘लीत्सो’ म्हणतात. शब्दशः अर्थ पिवळी माती. पुढे याच शब्दाला त्यांच्या बोलण्यात राक्षसाचा अर्थ चिकटला, तो उगाच नव्हे.

खाणीत सुरुंग उडाला की धूळ बसण्याच्या आत माणसांना आत धाडले जाई. हवा खेळती ठेवण्याची सोय नसे. तहान लागली तर मजूर खाणीच्या भिंतींतून झिरपणारे पाणी पीत. धुळीने माखलेले कपडे घरी जात आणि त्यांच्या बायका ते मुलांच्या कपड्यांबरोबर धूत. खाणीबाहेर पडलेले दगड सपाट व सुबक, म्हणून लोकांनी ते आपल्या ‘होगन’ नावाच्या घरांच्या भिंतींत आणि जमिनींत बसविले. म्हणजे खाण बंद झाल्यावरही ती घरात शिल्लक राहिली. कोणी एका शब्दाने सांगितले असते तर हे टळले असते. पण सांगणारा कोणी नव्हता.

एकच सरकार, चार खुर्च्या

सांगणारा नव्हता, असे म्हणणे पुरते बरोबर नाही. ज्याला सांगता आले असते त्याने तोंड बंद ठेवले, असे म्हटले पाहिजे. युरेनियमजन्य रेडॉन वायूचे भय जगाला नवे नव्हते. सॅक्सनीतील श्नीबर्गच्या खाणकामगारांना फुप्फुसाचा कर्करोग ग्रासतो, हे १८७९ सालीच दोन जर्मन वैद्यांनी दाखवून दिले होते. १९५० पासून अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याचे डॉक्टर युरेनियम खाणींतील मजुरांना तपाशीत होते, त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवीत होते. मात्र तुम्ही श्वासातून काय घेत आहात हे त्या मजुरांना त्यांनी सांगितले नाही. कारण मजूर घाबरतील तर खाणी बंद पडतील, आणि मजुरांना घाबरवावयाचे नाही या बोलीवरच खाणमालकांनी डॉक्टरांना आत घेतले होते. माणसांवरील किरणोत्सर्गी प्रयोगांची चौकशी करण्यासाठी अध्यक्ष क्लिंटन यांनी नेमलेल्या समितीने १९९५ साली या साऱ्या प्रकारावर ठपका ठेवला. खाणींतील हवेसाठी पहिले खरेखुरे राष्ट्रीय बंधन घालण्याचा हुकूम मजूरमंत्री विलर्ड विर्ट्झ यांनी काढला तो १९६७ साली. तोवर एक पिढी खाणीत उतरून परत आली होती. आणि पुष्कळजण पुढे परत आलेच नाहीत.

या व्यवहारात अमेरिकन सरकार किती नात्यांनी गुंतले होते ते आता वाचकांनीच मोजावे. विश्वस्त म्हणून जमिनीच्या भाडेपट्ट्यांना संमती दिली ती सरकारने. १९६६ पर्यंत त्या मातीचा एकमेव खरेदीदार होता तो सरकारचाच अणुशक्ती आयोग. मजुरांच्या देहांची हळूहळू होणारी नासाडी डॉक्टरांकरवी मोजीत बसले ते सरकार. आणि नव्हाहो खाणकामगार न्याय मागण्यासाठी न्यायालयात गेले तेव्हा, धोरणात्मक निर्णयांबद्दल आपल्यावर दावा चालत नाही, ही ढाल पुढे करून १९८५ साली खटला जिंकले तेही सरकारच. भाडेपट्टा देणारा मुखत्यार, माल घेणारा गिऱ्हाईक, नाडी पाहणारा वैद्य आणि दावा उडवून लावणारा प्रतिवादी अशा चार खुर्च्यांवर एकच असामी बसली होती. आपल्याकडे अशा वेळी कुंपणाने शेत खाल्ले म्हणतात. येथे कुंपणाने शेत खाल्ले, मोजूनमापून खाल्ले आणि वर खाल्ल्याची नोंदही करून ठेवली!

या अंधारात एक उजळ गोष्ट सांगितली पाहिजे. त्या खाणकामगारांचे वकीलपत्र घेणारे गृहस्थ स्ट्यूअर्ट उडाल हे होते. १९६१ ते १९६९ या काळात ते अमेरिकेचे अंतर्गत व्यवहारमंत्री होते. म्हणजे ज्या खात्याकडे आदिवासींच्या जमिनींचे विश्वस्तपद असते त्याच खात्याचे प्रमुख. मंत्रिपद सोडल्यावर वर्षानुवर्षे त्यांनी नव्हाहो विधवांच्या दारी जाऊन कैफियती गोळा केल्या. ते न्यायालयात हरले, पण त्या पराभवातूनच १९९० चा भरपाईचा कायदा जन्मास आला. त्या कायद्यात अमेरिकन राष्ट्राने पीडितांची क्षमा मागितली आहे. राष्ट्राने क्षमा मागणे ही लहान गोष्ट नव्हे. पण क्षमा मागणाऱ्याने अंगणातील घाण तशीच ठेवावयाची असेल तर त्या क्षमेला किती अर्थ उरतो?

पुएर्को नदीचा सकाळी बदललेला रंग

१९७९ हे साल अणुशक्तीच्या इतिहासात थ्री माइल आयलंडच्या अपघातामुळे सर्वांच्या ध्यानात आहे. त्या अपघाताला चार महिनेही झाले नव्हते तोच, १६ जुलै १९७९ च्या पहाटे, न्यू मेक्सिकोतील चर्च रॉक येथे युनायटेड न्यूक्लियर कॉर्पोरेशनच्या युरेनियम गिरणीचा बांध फुटला. ९ कोटी ४० लक्ष गॅलन, म्हणजे सुमारे ३५ कोटी लिटर आम्लयुक्त किरणोत्सर्गी पाणी आणि ११०० टन गाळ पुएर्को नदीच्या पात्रात घुसला. त्या पात्रात नव्हाहोंच्या मेंढ्या पाणी पीत, मुले खेळत. ज्या दुर्घटनेने पेनसिल्व्हेनियातील गोऱ्या वस्त्यांची झोप उडविली तिच्यावर ग्रंथ लिहिले गेले, आयोग बसले. किरणोत्सर्गाच्या हिशेबाने तिच्याहून मोठी गळती जेथे झाली तेथे ती गिरणी पाच महिन्यांच्या आतच पुन्हा सुरू झाली. हा फरक किरणांनी केलेला नाही. वस्ती कोणाची हे पाहून माणसांनी केलेला आहे.

कायद्यांचाही असाच अर्धवट कारभार झाला. १९७८ च्या कायद्याने जुन्या युरेनियम गिरण्यांची टाकाऊ माती आवरण्याची जबाबदारी सरकारने घेतली. नव्हाहो प्रदेशातील शिपरॉक, ट्यूबा सिटी, मेक्सिकन हॅट आणि मॉन्युमेंट व्हॅली या चार ठिकाणी त्याप्रमाणे कामे झाली. पण गिरणी स्वच्छ करावयाची आणि तिला माल पुरविणारी खाण उघडी ठेवावयाची, असा त्या कायद्याचा न्याय! शेकडो खाणींची तोंडे बुजविण्याचे काम पुढे नव्हाहोंनी कोळशावरील शुल्काच्या निधीतून केले. माणूस-जनावर आत पडू नये एवढाच त्या बुजविण्याचा हेतू होता. बाहेर पडलेल्या ढिगांतील किरण त्याने थांबले नाहीत.

२००६ साली लॉस एंजेलिस टाइम्सने या प्रकरणावर लेखमाला प्रसिद्ध केली आणि २००७ च्या ऑक्टोबरात काँग्रेस सदस्य हेन्री वॅक्समन यांच्या समितीने पाच सरकारी खात्यांच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून झाडले, तेव्हा कोठे योजना तयार झाली. मग पाच वर्षांची एक योजना झाली, पुन्हा पाच वर्षांची दुसरी झाली आणि सध्या २०२० ते २०२९ अशी दहा वर्षांची तिसरी चालू आहे. पहिल्या योजनेत काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पर्यावरण संरक्षण संस्थेने शेकडो घरे तपासली, दूषित घरे पाडून नवी बांधून दिली. २४० विहिरींचे पाणी तपासून त्यांतील २९ विहिरींत किरणोत्सर्गी द्रव्ये प्रमाणाबाहेर असल्याचे जाहीर केले. ज्या प्रदेशात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास कुटुंबांना अजून बाहेरून पाणी वाहून आणावे लागते तेथे विहिरीवर लावलेली धोक्याची पाटी ही थट्टा वाटावी, अशी परिस्थिती आहे. तरी पाटी लागली, हेही नसे थोडके. पण मुख्य काम ढिगांचे आहे; आणि ढिगांकडे वळले की प्रश्न येतो तो पैशाचा.

मेलेल्या कंपन्या, जिवंत गिऱ्हाईक

प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसावा, हे तत्त्व अमेरिकेने १९८० च्या ‘सुपरफंड’ कायद्याने स्वीकारले. तत्त्व निर्दोष आहे. पण ते पाळण्यासाठी प्रदूषण करणारा जिवंत सापडावा लागतो, आणि कंपनी नावाचा प्राणी सोयीच्या वेळी मरण्यात मोठा तरबेज असतो. केर-मॅकगी या कंपनीचे उदाहरण बोलके आहे. नव्हाहो भूमीवर खाणी चालविणाऱ्या या कंपनीने आपला तेलवायूचा किफायतशीर धंदा एकीकडे ठेवला आणि जुन्या प्रदूषणाची सारी देणी ट्रॉनॉक्स नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या गळ्यात बांधून तिला वेगळी काढली. मूळ कंपनी २००६ साली ॲनाडार्कोने विकत घेतली; ट्रॉनॉक्सने २००९ च्या जानेवारीत दिवाळे काढले. आपल्याकडे एखादा कर्जबुडव्या वाटणीच्या वेळी बागाईत एका मुलाच्या नावे करतो आणि कर्ज दुसऱ्याच्या, त्यातलाच हा प्रकार. न्यायालयाने हा डाव ओळखला. २०१३ च्या डिसेंबरात निकाल विरुद्ध गेला आणि २०१४ साली ॲनाडार्कोला ५१५ कोटी डॉलर मोजून तडजोड करावी लागली. त्यांतले जवळजवळ १०० कोटी डॉलर नव्हाहो भूमीवरील व आसपासच्या सुमारे ५० खाणींसाठी राखून ठेवण्यात आले. पुढे २०१७ साली फ्रीपोर्ट-मॅकमोरॅनच्या अंकित कंपन्यांशी ९४ खाणींचा करार झाला. त्याचा अंदाजी खर्च ६० कोटी डॉलरांहून अधिक, आणि त्यांत साडेतेहतीस कोटी डॉलरांचा वाटा खुद्द अमेरिकन सरकारने उचलला.

आमच्या मते साऱ्या प्रकरणातील कळीचा मुद्दा या शेवटच्या वाक्यात आहे. खाणी कंपनीने खणल्या होत्या तर सरकारने वाटा का उचलला? कारण माल सरकारने घेतला होता, आणि खाण सरकारच्या देखरेखीखाली चालली होती. म्हणजे आपलेही देणे लागते ही गोष्ट सरकारला ९४ खाणींच्या बाबतीत मान्य आहे. मग ज्या जवळजवळ तीनशे खाणींच्या कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या वा कागदपत्रांतूनच नाहीशा झाल्या, तेथे हे तत्त्व लटके कसे पडते? कंपनी मेली, पण गिऱ्हाईक जिवंत आहे, धडधाकट आहे, जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्राच्या तिजोरीच्या किल्ल्या त्याच्या कमरेला आहेत. एका भागीदाराचे दिवाळे निघाले तर दुसऱ्यावरचे कर्ज वाढते, कमी होत नाही, हा पेढीवरच्या कारकुनालाही ठाऊक असलेला नियम आहे.

२०२१ च्या पायाभूत सुविधांच्या कायद्याने सुपरफंडसाठी ३५० कोटी आणि लहानमोठ्या दूषित जागांसाठी १५० कोटी डॉलर मंजूर केले, आणि १९९५ मध्ये लोपलेला रासायनिक कारखानदारांवरील कर पुन्हा बसविला, हे स्वागतार्ह झाले. आदिवासी जमातींनाही त्यांतून वाटा मागता येतो. मात्र तो मागावा लागतो. अर्ज करून, इतर शहरांच्या ओळीत उभे राहून. आपल्याच जमिनीवर दुसऱ्याने टाकलेली घाण उचलण्यासाठी ज्याच्या जमिनीवर ती पडली त्याने अर्जाची शर्यत जिंकावी, ही व्यवस्था आम्हांला उफराटी वाटते. अलास्कात तर याहून चमत्कारिक प्रकार घडला. १९७१ च्या कायद्याने तेथील मूळ रहिवाशांचे पिढीजात हक्क संपवून त्यांच्या मंडळांना ४ कोटी ४० लक्ष एकर जमीन देण्यात आली. त्यांतील कित्येक जागा लष्कराने व सरकारी खात्यांनी आधीच दूषित केलेल्या होत्या. जमिनीबरोबर प्रदूषणाची कायदेशीर जोखीमही त्या रहिवाशांच्या माथी आली आणि ती उतरविण्यास काँग्रेसला २०१८ साल उजाडावे लागले. स्वच्छतेसाठी स्वतंत्र अनुदान मंजूर झाले ते त्याही नंतर, २०२३ च्या अंदाजपत्रकात. रक्कम २ कोटी डॉलर!

ढीग हलवावयाचे कोठे?

पैसा हाती आला तरी प्रश्न संपत नाही, हेही वाचकांनी समजून घ्यावे. युरेनियमच्या मातीत रेडियम असते आणि त्याचे अर्धे तेज ओसरण्यास १६०० वर्षे लागतात. अशा ढिगावर माती-खडीचे आवरण घालून तो जागीच ठेवणे स्वस्त. उचलून दूर नेणे महाग. सरकारी हिशेबनीस स्वाभाविकपणे पहिल्या उपायाकडे झुकतात. नव्हाहोंचे म्हणणे असे की हा राक्षस आमच्या प्रदेशाबाहेर न्या. या रस्सीखेचीत वर्षे कशी जातात याचा मासला चर्च रॉकलाच मिळतो. तेथील ईशान्य खाण १९८२ साली बंद पडली. तिचा सुमारे दहा लक्ष घनयार्डांचा ढीग जवळच्याच जुन्या गिरणीच्या जागेवर हलविण्याचे २०१३ साली ठरले, आणि त्याला अणुनियमन आयोगाचा परवाना मिळाला २०२३ साली. शेजारच्या क्विव्हिरा खाणीचा तितकाच मोठा ढीग नव्हाहो प्रदेशाबाहेरच्या कचरास्थळी नेण्याचा निर्णय जानेवारी २०२५ मध्ये झाला. हा दुसरा निर्णय नव्हाहोंच्या दीर्घ आग्रहाचे फळ आहे आणि तोच पुढील कामांचा पायंडा ठरावा. चाळीस वर्षे घरासमोर ढीग पाहत म्हाताऱ्या झालेल्या बाईला हजारो वर्षे टिकणाऱ्या आवरणाची शास्त्रीय माहिती देऊन काय उपयोग? तिच्या नातवाला त्या उतारावर मेंढ्या चारता येतील की नाही, एवढेच ती विचारते.

न्यायालयांवर फार विसंबण्यात अर्थ नाही. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की १८६८ च्या तहाने नव्हाहोंना पाणी मिळवून देण्यासाठी हालचाल करण्याचे बंधन सरकारवर येत नाही. हा वाद पाण्याचा होता, मातीचा नव्हता. पण त्यातला धडा उघड आहे. विश्वस्तपणाच्या मोठमोठ्या गोष्टी कायद्यात अक्षरशः लिहून ठेवलेल्या नसतील तर ऐन वेळी त्या कामास येत नाहीत. म्हणून स्वच्छतेच्या निधीला दरवर्षीच्या अंदाजपत्रकाच्या लहरीवर सोडता कामा नये. काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने २०१४ सालीच बजावले होते की या कामाची एकूण व्याप्ती, मुदत आणि खर्च यांचा समग्र अंदाजच सरकारने काँग्रेसपुढे ठेवलेला नाही. किती कर्ज आहे ते सांगावयाचे नाही, म्हणजे किती फेडले नाही हेही कोणाला कळत नाही. ही युक्ती सावकारी पाशातल्या आमच्या शेतकऱ्याला नवी नाही. फरक इतकाच की येथे वही लपविणारा ऋणको आहे.

आमच्या घरात डोकावून

अमेरिकेला चार शब्द सुनावताना आपल्या घराचे दार लावून घेणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. झारखंडच्या पूर्व सिंगभूम जिल्ह्यातील जादूगोडा येथे १९६७ पासून युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी युरेनियम काढीत आहे. टाकाऊ गाळाची तळी संथाळ, हो आणि मुंडा आदिवासींच्या वस्त्यांना लागून आहेत. प्रकृतीवरील परिणामांबद्दल ग्रामस्थ आणि कंपनी यांच्यात जुना वाद आहे. तो काहीही असो. एक गोष्ट वादातीत आहे. तेथे खणणारे सरकार, घेणारे सरकार आणि तपासणारेही सरकार. नव्हाहो प्रदेशातील त्या चार खुर्च्यांची येथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

योगायोग असा की अमेरिकेत तो भरपाईचा कायदा जिवंत झाला त्याच जुलै २०२५ मध्ये भारत सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम प्रसिद्ध केले. दूषित जागा शोधाव्यात, दोषी इसमाकडून खर्च वसूल करावा, दोषी सापडला नाही तर केंद्र व राज्य सरकारांनी तो सोसावा, ही त्यांतील दिशा योग्य आहे आणि तिचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. पण किरणोत्सर्गी कचरा आणि खाणकाम यांतून होणारे प्रदूषण, त्यांना वेगळे कायदे लागू आहेत असे सांगून, या नियमांतून वगळण्यात आले आहे. देशातील आदिवासींच्या भूमीवर जी घाण पडते ती बहुतांशी खाणींचीच असते. ज्याच्या अंगणात सर्वांत अधिक कचरा त्याचेच अंगण झाडूवाल्याच्या यादीतून गाळावे, असे हे झाले.

आपल्याकडे पैसा नाही, ही सबबही फारशी टिकणारी नाही. २०१५ च्या दुरुस्तीने खाणपट्टेदारांकडून स्वामित्वधनाच्या प्रमाणात वर्गणी घेणारी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. चंद्रपूर व गडचिरोलीतही ती आहेत. २०१० साली कोळशाच्या टनामागे ५० रुपये उपकर बसवून स्वच्छ ऊर्जेचा निधी उभारण्यात आला, पुढे तो उपकर ४०० रुपयांपर्यंत चढला आणि २०१७ साली ते उत्पन्न राज्यांच्या वस्तू-सेवा कराच्या भरपाईकडे वळविण्यात आले. स्वच्छतेच्या नावाने गोळा केलेला पैसा दुसऱ्याच गरजेला जातो, तेव्हा स्वच्छता केवळ पावतीवर होते. गडचिरोलीत लोहखनिजाचे डोंगर आज फोडले जात आहेत. पन्नास वर्षांनी खाण आटोपेल, कंपनी निघून जाईल, आणि मागे उरलेल्या मातीचा हिशेब आमची नातवंडे मागतील. तो हिशेब आजच मांडून ठेवण्याची संधी आम्हांला आहे. नव्हाहोंना ती कोणी दिली नव्हती.

आमच्या मागण्या

अमेरिकन काँग्रेसने एक सरळ कायदा करावा. ज्या खाणींना जिवंत कंपनी उरलेली नाही त्यांची संपूर्ण जबाबदारी, खरेदीदार आणि विश्वस्त या दुहेरी नात्याने, सरकारने स्वीकारावी. त्यासाठी लागणाऱ्या एकूण रकमेचा अंदाज जाहीर करून ती अनेक वर्षांच्या बांधील निधीत ठेवावी. ढीग कोठे जावेत याबाबत नव्हाहो राष्ट्राच्या इच्छेला निर्णायक वजन द्यावे. २००५ साली आपल्या भूमीवर युरेनियम उत्खननास कायद्याने बंदी घालणारे हे लोक आपले हित ओळखत नाहीत असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. स्वच्छतेची कामे आणि मजुरी नव्हाहोंच्या तरुणांनाच मिळावी. आणि ढिगांना वेळ लागणार असेल तर निदान शुद्ध पाणी प्रत्येक घरी आधी पोचवावे.

भारत सरकारने आपल्या नियमांतील पळवाट बुजवावी. खाणकाम व किरणोत्सर्ग यांच्यासाठी तितकेच कडक, आणि कालमर्यादा असलेले नियम करावेत. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनाधिकार कायद्याने ग्रामसभेला जे स्थान दिले आहे ते जमीन देताना जितके, तितकेच जमीन स्वच्छ करून परत घेतानाही मानले जावे. खाण बंद करताना काम पुरे झाले की नाही याचा दाखला ग्रामसभेने द्यावा, कंपनीच्या कचेरीने नव्हे.

नव्हाहो आदिवासींनी कोणापुढे पदर पसरलेला नाही. आपली भूमी ज्या स्थितीत दिली होती, निदान तिच्या जवळपासच्या स्थितीत ती परत मिळावी, एवढेच ते ऐंशी वर्षांच्या व्यवहाराची वही उघडून सांगत आहेत. पालक म्हणविणाऱ्याने पाल्याची भूमी नासवली असेल तर ती निर्मळ करून देणे हे त्याचे पहिले कर्तव्य ठरते. ते कर्तव्य अमेरिकेने आता अधिक वेळ न घालविता पार पाडावे, आणि आपल्यावर तीच पाळी येण्यापूर्वी आपल्या राज्यकर्त्यांनीही या वहीतील एवढी पाने नीट वाचून घ्यावीत, असे आमचे दोघांनाही सांगणे आहे.